शेजारची रांगच का पुढे सरकते?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या एका दुकानात बाकरवडीसाठी तीन रांगा लागतात. नेमकी माझीच रखडते. नशीब की गणित?

उत्तर : गणित, काकू. तिन्ही रांगा सारख्याच असल्या, तर तुमचीच सगळ्यांत वेगवान निघण्याची शक्यता तीनांत एक. आणि आपली पुढे गेली ते लक्षात कोण ठेवतं!

खरी गंमत पुढेच आहे. एका काउंटरवर तासाला सरासरी ३० गिऱ्हाइकं उरकतात आणि येतात २७. वाटतं, वेळ उरेल. पण माणसं घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाच एकदम, कधी कोणीच नाही. रिकामं गेलेलं मिनिट गर्दीत वापरता येत नाही. येणं आणि उरकणं दोन्ही बेभरवशाचं धरलं, तर पुडा हातात पडेपर्यंत सरासरी २० मिनिटं. २९ आली तर? एक तास! दोनच माणसं वाढली. (दिवाळीच्या तोंडावर मी मुलाला पाठवतो.)

रांगांच्या या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगनं १९०९ मध्ये घातला.

तुमच्यासाठी उपाय : एकच रांग, काउंटर तीन. मी दुकानदाराला सुचवलं होतं. म्हणाला, "आजोबा, पुढे सरका."