स्नार्ल: गुरगुर वेगळी, गुंता वेगळा

खंबाटकी घाटातल्या कोंडीची इंग्रजी बातमी वाचून साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मथळ्यात 'ट्रॅफिक स्नार्ल' होतं. कोशात स्नार्ल म्हणजे गुरगुरणे. अडकलेल्या गाड्यांची इंजिनं गुरगुरतात, म्हणून का?"

तर्क सुरेख आहे, पण हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग आणि उच्चार तेवढे एक. कोंडीतला स्नार्ल 'स्नेअर' म्हणजे फास, त्यावरून आला. आधी फास, मग दोऱ्याचा, केसांचा गुंता, आणि पुढे रस्त्यावर गाड्यांचा. आपण 'वाहतूक तुंबली' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पाणी असतं. इंग्रजीत दोरा असतो.

गुरगुरणारा स्नार्ल आपल्या 'गुरगुर'सारखाच आवाजावरून घडलेला. पण तो आणि ग्रोल एक नव्हेत. माणदेशात मेंढरांच्या वाड्याजवळून जाऊन बघा. धनगराचं कुत्रं बसल्या जागेवरून, तोंड मिटूनच घशातून गुरगुरतं. तो ग्रोल. आणखी दोन पावलं टाकलीत की ओठ वर जातो, सुळे दिसतात. तो स्नार्ल. म्हणून त्याला 'दात विचकून गुरगुरणे' असं सगळंच म्हणावं लागतं. नुसतं 'दात विचकणे' पुरत नाही, कारण हसणाराही दात विचकतो.

माणूस स्नार्ल करतो तेव्हा मला 'गुरकावला' सगळ्यात जवळचा वाटतो. 'खेकसला'त आवाज चढतो, 'डाफरला'त वरचढपणा येतो. स्नार्ल दातांतून येतो, बोलणं तेवढंच असतं आणि त्यात द्वेष असतो.

हा फरक भाषांतरात फार महत्त्वाचा आहे. शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे, जो ते पिईल तो गुरगुरल्याशिवाय राहणार नाही, हे वाक्य बाबासाहेबांच्या नावाने घराघरांत सांगितलं जातं. त्यांचं नाव शाळेत दाखल झालं ते साताऱ्यातच, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, त्यामुळे इथल्या मुलांना ते विशेष जवळचं. त्याच्या इंग्रजी रूपात बहुधा 'रोअर' घालतात. पण रोअर म्हणजे डरकाळी. ती लांबवर ऐकवायची असते. गुरगुर समोर उभ्या असलेल्यासाठी असते: आता पुढे येऊ नकोस. स्नार्ल तर तिथे मुळीच नको, त्यातला द्वेष त्या वाक्यात नाही. माझ्या मते तिथे ग्रोलच हवा.