मुंबईच्या आरे जंगलावर पहिलं कोलाज करताय?

विषय चांगला निवडलात. फक्त अख्खं जंगल एका फलकावर आणू नका, नवखे तिथेच अडकतात. एकच घटना घ्या: ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेत २,००० हून जास्त झाडं तोडली, ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली.

- पानं, साल खाली पडलेलीच उचला. रद्दीत दाबून पूर्ण वाळवा. ओलसर पान फेव्हिकॉलखाली काळं पडतं, बुरशी धरतं.
- 'पर्यावरणपूरक' म्हणवणाऱ्या जाहिरातीचं कात्रण तारखेसकट चिकटवा, शेजारी तोडीची बातमी. वर स्वतःच्या घोषणा लिहू नका. दावा आणि पुरावा शेजारी आले की बघणारा थांबतोच.
- थर्माकोल, चमकी नकोच.

रेझिन (ओतल्यावर कडक होणारा पारदर्शक द्रव), शिवण नंतर बघू. आधी जुन्या पुठ्ठ्यावर वहीच्या पानाएवढं काम पुरं करा.