मोहोळाच्या चोथ्यातून मेण काढताना ते काळं आणि रवाळ का होतं?

तुमच्या प्रश्नातली माहिती एवढी: चोपड्याजवळच्या शेतातलं आग्या मोहोळ उतरवलं, मध पिळून दोनेक किलो चोथा उरला, तो लोखंडी कढईत बोअरच्या पाण्यात खळखळ उकळला आणि वर भिजल्या रव्यासारखं काळपट काहीतरी आलं. मेणबत्त्या आणि टाचांच्या भेगांचं मलम करायचं आहे.

कढई, पाणी आणि उकळी, तिन्ही चुकलं. पण सगळ्यात जास्त पाणी. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यात मेण वितळवू नये. मेणात मुळातच थोडी आम्लं असतात. जड पाण्यातला चुना त्यांना धरतो, एक प्रकारचा साबण तयार होतो आणि त्याच्या जोरावर पाणी मेणात मिसळून अडकून बसतं. तोच तुमचा रवा. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं. ते नसेल तर बोअरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा चमचा लिंबूसत्व किंवा दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. लोखंडाने मेण काळपट होतं, तांब्या-पितळेने हिरवट. स्टीलचं जुनं पातेलं घ्या आणि ते मेणालाच ठेवा, कारण परत स्वयंपाकाला घेण्याइतकं ते घासून निघत नाही.

आता पहिल्यापासून. चोथ्यातला पांढरा-पिवळा भाग आणि काळा भाग वेगळा करा. पांढरा म्हणजे मधाच्या घरांचा, तो जवळजवळ सगळा मेणच असतो. काळ्यात अळ्यांचे कोष राहिलेले असतात, ते वितळलेलं मेण टिपकागदासारखं पितात. म्हणून काळा चोथा चोवीस तास पाण्यात भिजत घाला. कोष पाण्याने भरले की मेणाला जागा उरत नाही. दोन किलो ओल्या, मिसळ चोथ्यातून अर्धा किलोपेक्षा जास्त मेणाची आशा धरू नका. पांढरा भाग फक्त गार पाण्यात दोनदा चोळून धुवा. मध राहिला तर तो तापून करपतो आणि मेणाला तपकिरी रंग येतो.

धुतलेला चोथा मांजरपाटाच्या पिशवीत सैल बांधा, पातेल्यात ठेवून वर धुतलेला दगड ठेवा आणि चार बोटं वर येईल इतकं पाणी घाला. आच मंद. मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं, ८५ च्या पुढे रंग जायला लागतो. पाण्याला उकळी फुटू द्यायचीच नाही, नुसती वाफ दिसली पाहिजे. अर्धा तास झाला की उलथन्याने पिशवी दाबत राहा, पिवळी तेलासारखी साय वर येते. मग पिशवी बाहेर काढून गरम असतानाच दोन पाट्यांमध्ये दाबा, पातेल्यावर झाकण ठेवून जुनी गोधडी गुंडाळा आणि रात्रभर हात लावू नका. जितकं सावकाश थिजेल तितका गाळ खाली बसतो. सकाळी वडी कडेने आपोआप सुटलेली असते. तिच्या तळाला राखाडी, भुसभुशीत थर दिसेल. तो चाकूने खरवडून टाका. हेच पिशवीशिवाय आणखी एकदा करा. शेवटी एका भांड्यात गरम पाणी, त्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवा आणि जुन्या फलालीनच्या कापडातून गाळा. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका. पेटलंच तर झाकण टाका, पाणी ओतू नका.

मला विचाराल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गॅस जाळण्याची गरजच नाही. लाकडी खोका, आत काळा रंग दिलेला तिरपा पत्रा, त्यावर जाळी, खालच्या टोकाला थोडं पाणी घातलेलं भांडं आणि वर काच. दुपारच्या उन्हात मेण गळून भांड्यात जमतं. तुमचं रवाळ झालेलं मेणही यातच टाका, त्यातलं अडकलेलं पाणी सुटतं. काळपटपणा मात्र पूर्ण जाणार नाही, ते मेण लाकडाला लावायला ठेवा.

मलमासाठी थंडीत मेण २० ग्रॅम आणि तीळतेल ८० ग्रॅम, उन्हाळ्यात २५ आणि ७५. गरम पाण्यातल्या भांड्यात दोन्ही एकजीव करा. थेंबभर गार वाटीत टाकून थिजू द्या. बोटाने कडक लागलं तर तेल वाढवा, ओघळलं तर मेण. भांडी कोरडी ठणठणीत हवीत, पाण्याचा थेंब गेला की पुढे बुरशी येते. लाकडासाठी १ भाग मेणाला ४ भाग जवसाचं तेल. पण त्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती स्वतःहून तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवा.

मेणबत्तीत बहुतेकांची वात चुकते. बाजारातल्या पॅराफिनच्या मेणबत्तीची बारीक वात या मेणाला पुरत नाही, मधोमध खड्डा पडून ज्योत विझते. जाड, विणलेली सुती वात घ्या, आधी मेणात बुडवून ताठ करा. मेण ७० अंशांच्या आसपास ओता. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या कडेला पातळ पापुद्रा धरायला लागला की. पंख्याखाली गार केली तर चिरा पडतात. आणि लांब सडपातळ मेणबत्त्या मेमध्ये उभ्या ठेवू नका, जळगावच्या उन्हात त्या न पेटवताच वाकतात. त्या दिवसांत पणतीत किंवा काचेच्या पेल्यात ओतलेलं बरं.

काही महिन्यांनी वर पांढरी धूळ धरली तर घाबरू नका. ती बुरशी नाही, मेणाचाच फुलोरा आहे. मऊ फडक्याने पुसला जातो. वडीचा एखादा तुकडा शिवणाच्या डब्यात टाका, गोधडीचा दोरा त्यावरून ओढला की गुंतत नाही.

पुढच्या वेळी मोहोळ काढताना एवढं बघा. आग्याचा मध फांदीजवळच्या वरच्या कोपऱ्यात असतो, तेवढाच भाग कापला तर अळ्यांचं पोळं वाचतं आणि काळा चोथाही घरी येत नाही. माश्या सोडून गेलेलं पोळं मिळालं तर त्याच आठवड्यात वितळवा. मेणकिडा पोळ्याचा भुगा करतो, स्वच्छ वडीच्या मात्र तो नादी लागत नाही. आणि मेणाचं गरम पाणी मोरीत ओतू नका, गार करून वरचं मेण काढा आणि मग झाडाला टाका.