बोलावण्याआधी भेटून या

प्रिय भगिनी,

न्यू जर्सीहून पाठवलेले तुमचे पत्र सावकाश वाचले. नौपाड्यात वाढलेल्या तुम्ही या डिसेंबरात तीन आठवडे ठाण्याला आलात, शाळेतल्या मैत्रिणींना घोडबंदर रोडवर, भावाच्या नव्या घराजवळच्या हॉटेलात, जेवायला बोलावलेत आणि बिलही आग्रहाने तुम्हीच दिलेत. बहुतेक जणी उशिरा आल्या, लवकर उठल्या. आणि एके काळी तुमच्याच बाकावर बसणारी बदलापूरची मैत्रीण तर आलीच नाही. ‘तू आलीस की आम्ही सगळं टाकून धावत यायचं का?’ हे तिचे फोनवरचे वाक्य तुम्हाला लागले आहे, आणि यापुढे कोणालाही न कळवता येऊन जावे का, असे तुम्ही विचारता.

तसे मुळीच करू नका. ते वाक्य लागावे असेच आहे, पण परक्या माणसाला कोणी तसे बोलत नाही; जिच्याकडून काही अपेक्षाच उरलेली नाही, तिला आपण ‘बघते, जमलं तर येते’ असे म्हणून मोकळे होतो.

ती संध्याकाळ जरा तिच्या बाजूने पाहा. कामाच्या दिवशी ठाणे स्टेशनला उतरायचे, रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे, मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून अधिकच कोंडणाऱ्या त्या रस्त्यावरून हॉटेल गाठायचे, आणि रात्री उशिराच्या लोकलने परतून पहाटे पुन्हा डब्यासाठी उठायचे. रजा तुमची होती, त्यांची नव्हती.

पण खरे कारण रस्ता हे नसावे. पत्राच्या अखेरीस तुम्ही ओझरते लिहिले आहे की, गेल्या वर्षी तिचे वडील वारले तेव्हा तुम्ही ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेत आणि फोन करायचा राहून गेला. माझ्या मते साऱ्या पत्रातली महत्त्वाची ओळ हीच आहे. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही ज्यांच्या घरी मुक्कामाला असायचात, ते हे काका. आपल्याकडे प्रसंगाला पोहोचता आले नाही, तर माणूस सवडीने, अगदी वर्षाने का होईना, घरी जाऊन भेटून येतो. तुम्ही तीन आठवडे ठाण्यात होतात. बदलापूरला तुमची पावले वळली नाहीत, तिथे पोहोचले ते फक्त जेवणाचे आमंत्रण. तुमच्या मनात काही वाईट नव्हते हे मला पटते, तरीही तिचे दुखावणे मला रास्त वाटते.

म्हणून आता मेसेज न पाठवता तिला फोन करा. तुमच्याकडे शनिवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे, सध्याच्या हिवाळ्यात, संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. ती घरी असण्याचा संभव आहे. हॉटेलचा विषय काढू नका, खुलासेही देऊ नका. काकांचे शेवटचे दिवस कसे गेले, काकूंची तब्येत कशी आहे, एवढे विचारा आणि ती बोलेल तितका वेळ ऐकून घ्या. पुढच्या खेपेला सर्वांत आधी बदलापूरला जा, आणि तेही तिच्या सुटीच्या दिवशी, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस असे आधीच बजावून. काकूंना नमस्कार करा आणि तिच्याबरोबर मेथी निवडत स्वयंपाकघरातच बसा.

इतर मैत्रिणींविषयी फार लिहिण्याजोगे नाही. सगळ्यांशीच पूर्वीसारखे जमेल असे नाही, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. सगळ्यांना एकत्र भेटायचेच असेल तर रविवारी सकाळी तलावपाळीला, गडकरी रंगायतनापाशी भेटा. स्टेशनवरून तिथे चालत येता येते. खर्च मात्र वाटून घ्या, कारण दर वेळी तुम्हीच पैसे दिलेत की त्या मैत्रिणी न राहता तुमच्या पाहुण्या होतात.

आणि शनिवारी तिने फोन उचलला नाही, तर मनाला लावून न घेता पुढच्या शनिवारी पुन्हा करा. काकूंशी बोलायचे आहे असे म्हणालात, तरी ती नाही म्हणणार नाही.

तुमची,
ताई