४८ व्होल्टची ई-बाइक चढावर अचानक बंद पडते, बॅटरी मात्र निम्मी दाखवते. असं का?

बहुतेक वेळा बॅटरीचा कनेक्टर सैल असतो किंवा आतला एखादा सेल-गट कमजोर झालेला असतो. चढावर करंट वाढला की व्होल्टेज कोसळतं आणि पुरवठा तुटतो. ४८ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये सहसा १३ गट सिरीजमध्ये असतात. त्यातला एकच ३ व्होल्टच्या आसपास उतरला, तरी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून तिचं रक्षण करणारं सर्किट) सगळा पॅक बंद करतं, म्हणून डिस्प्लेवरच्या टक्केवारीवर विसंबू नका.

- डिस्प्लेही विझला तर बीएमएस किंवा जोडणी बघा. डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर थांबली, तर बहुधा कंट्रोलरचा (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटचा) लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरल्यावर त्याने मोटर थांबवणं.
- कनेक्टरच्या पिना काळवंडल्यात का, चालवल्यावर तो गरम लागतो का? मग आधी तोच बदला, खर्च अगदी कमी.
- पूर्ण चार्जनंतर मल्टिमीटरवर ५४.६ च्या जवळ आकडा हवा. ५३ च्या खाली असेल तर चार्जरचं आउटपुट तपासा. ते बरोबर असेल तर हिरवा दिवा लागल्यावरही तीन-चार तास, लक्ष ठेवून, चार्जर लावून ठेवा, म्हणजे सेल समतोल होतील.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकला हे आकडे लागू नाहीत. तिथे १६ गटांचा पॅक ५८.४ पर्यंत चार्ज होतो. फुगलेला पॅक मात्र चार्जही करू नका आणि घरी उघडूही नका.