अश्वगंधा घेऊनही झोप का उडते?

"मॅडम, अश्वगंधेने मन शांत होतं म्हणतात. मग मला पहाटे तीनला छातीत धडधडून जाग का येते? मला काही मानसिक आजार झालाय का?" बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) असंच विचारणारे हल्ली बरेच भेटतात, म्हणून समुपदेशक या नात्याने जरा सविस्तर सांगते.

कोणती औषधं चालू आहेत, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "थायरॉईडची एकच गोळी, सकाळी अनशापोटी." मग मी मुद्दाम विचारलं, "आणि चूर्ण, काढे, कॅप्सूल?" तेव्हा पर्समधून डबी निघाली. रात्री दुधातून अर्धा चमचा चूर्ण शेजारच्या काकूंनी सुचवलेलं, आणि वर ऑनलाइन मागवलेल्या अर्काच्या कॅप्सूल. सुरुवातीला झोप छान लागली, म्हणून कॅप्सूल वाढवल्या. दोन महिन्यांत हात थरथरायला लागले, घाम येऊ लागला, घरच्यांवर चिडचिड सुरू झाली. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. "ते आयुर्वेदिक आहे हो, त्याचं काय सांगायचं!"

अश्वगंधा, म्हणजे आपली आसंध, बिनकामाची आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तिच्या मुळाच्या अर्कावर छोटे का होईना, अभ्यास झालेत. रोज ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, साधारण आठ आठवडे घेतल्यावर झोपेत आणि ताणात थोडा फरक दिसला, निद्रानाश असणाऱ्यांत जरा जास्त. पण जी वनस्पती शरीरावर परिणाम करते, ती नको तिथेही करू शकते. आसंधीने थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन) वाढू शकतं. तेच संप्रेरक देणारी गोळी आधीच चालू असेल तर दोन्ही मिळून ते जास्त होऊ शकतं, आणि त्याची लक्षणं हुबेहूब घबराटीसारखी असतात. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली, त्यामागे थायरॉईड आणि इतर संप्रेरकांवरच्या परिणामांची काळजी होती.

औषधाचा निर्णय समुपदेशकाचा नसतो. मी ताईंना डबी घेऊनच डॉक्टरांकडे पाठवलं. रक्ततपासणीत टीएसएच बराच खाली गेलेला निघाला; थायरॉईडचं संप्रेरक जास्त झालं की तो असा उतरतो. अश्वगंधा बंद झाली, काही आठवड्यांत धडधड थांबली, आणि 'मी वेडी होतेय का' ही धास्तीही ओसरली.

गरोदरपणात, यकृताचा त्रास असताना, किंवा झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना अश्वगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर लगेच थांबवून डॉक्टर गाठा. क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नैराश्याची गोळी सोडून हिच्यावर भिस्त ठेवणं तर फारच धोक्याचं. तसं करणारी माणसं मी पाहते, आणि जीव कासावीस होतो.

धडधड गेली तरी ताईंची मूळची झोप मोडलेलीच होती. बोलता बोलता कळलं, बदलीची ऑर्डर आल्यापासून हे सुरू झालेलं. दुसऱ्या गावची शाखा, इकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ताई साडेनऊलाच आडव्या व्हायच्या आणि बारापर्यंत मोबाईल बघत हिशेब मांडायच्या. आम्ही ठरवलं, डोळे मिटायला लागले तरच पलंगावर जायचं, झोप येईना तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, उठायची वेळ मात्र रविवारीही सहाचीच. बदलीचा विचार संध्याकाळी सातला वहीत लिहायचा, नवऱ्याला शेजारी बसवून. पहिला आठवडा फार जड गेला, दिवसा डोळे मिटायचे. पुढे हळूहळू सलग पाच-सहा तास झोप लागू लागली. आता बदली थांबवण्याचा अर्ज दिलाय आणि सासूबाईंसाठी दिवसभराची बाई बघणं चालू आहे.