मेची वाट पाहू नकोस

प्रिय बाळ,

तुझ्या एवढ्या लांब मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. "मे महिन्यात गावी आलो की कुणालातरी दाखवतो." म्हणजे मनाच्या डॉक्टरला. आत्ता जानेवारी चाललाय. म्हणजे अजून चार महिने तू रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी गाडी लावणार, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून बसून राहणार आणि पोरं "गुरुजी आले, गुरुजी आले" करत धावत आली की मग उतरणार?

बाकीचं मला समजावून सांगू नकोस. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलने तुला लातूरहून उचललं आणि जव्हारच्या डोंगरात नेऊन ठेवलं. द्विशिक्षकी शाळा, त्यात दुसरे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामात, म्हणजे सगळे वर्ग तुझ्याच गळ्यात. शिक्षण सेवकाचं मानधन १६ हजार, तेही वेळेवर नाही. पोषण आहाराची रोजची माहिती भरायला रेंज मिळेल अशा टेकाडावर चढायचं आणि खाली उतरेपर्यंत केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर "अति तातडीचे, दुपारी तीनपर्यंत" येऊन पडलेलं. आमच्या वेळीही माहित्या होत्याच. पण त्या घेऊन शिपाई यायचा, आणि त्याची सायकल पंक्चर झाली की आम्हाला तेवढी उसंत मिळायची. तुला ती नाही.

तू लिहिलंस, "पोरांची नावं तोंडात येत नाहीत, 'ए तू' म्हणतो." मी तिथेच थांबले. शिकाऊ शिक्षक म्हणून सराव पाठाला आलास तेव्हा माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं दुसऱ्याच दिवशी पाठ असलेला मुलगा तू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. तुझा मेसेज पुन्हा वाच. तिन्ही खुणा तूच लिहिल्या आहेस, अगदी क्रमाने.

आणि तू म्हणतोस सुट्टी! अरे, दिवाळीत घरी होतास तेव्हाही पहाटे तीनला जाग यायची, हेही तूच लिहिलंयस. मग मेमध्ये कोणता चमत्कार होणार आहे? निव्वळ थकवा असेल तर सुट्टीत तो थोडाफार तरी उतरतो. सुट्टीतही झोप नसेल, जेवण जात नसेल, तर खाली नैराश्य आहे का हे बघायला जाणकार लागतो. ते तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही.

सुट्टीवर टाकू नकोस असं मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते शिक्षकांच्या लवकर लक्षात येत नाही. आपण लग्न, ऑपरेशन, घराचं बांधकाम, सगळं मेवर ढकलतो. त्या सवयीने मनही मेवर ढकलतो. पण समुपदेशकापुढे मेमध्ये बसलास तर तू काय सांगणार? सगळं आठवणीतलं. शाळा चालू असताना गेलास तर परवाचा प्रसंग ताजा असतो. तो जे करून बघायला सांगेल ते सोमवारी वर्गात करून बघता येतं, फसलं तर पुढच्या भेटीत तसं सांगता येतं. पोहणं पाण्यातच शिकावं लागतं. मेमध्ये बरा झालेला शिक्षक जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तिथेच येऊन पडतो. आमच्या शाळेतले एक सर असेच दर उन्हाळ्याच्या भरवशावर काढत राहिले. चांगले होते, गणित असं शिकवायचे की पाचवीची पोरं मधल्या सुट्टीत बाहेर जायची नाहीत. एका जूनमध्ये ते आलेच नाहीत, राजीनामा आला. मला आजही वाटतं, त्यांना हात धरून न्यायला हवं होतं.

मी स्वतः मनाच्या उपचारांना गेले ती शिष्यवृत्ती परीक्षेच्या ऐन हंगामात. जादा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात पडले, त्यांनी ते मला ऐकवलंही. सगळ्यांना मी मणक्याचा त्रास सांगितला. खोटं होतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या वर्षी आमचं एकही मूल गुणवत्ता यादीत आलं नाही. "बाईंनी ऐन वेळी पाठ फिरवली" हे मी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा हसत हसत ऐकून घेतलं. घेऊ दे तोंडसुख. त्यानंतर मी रोज वर्गात उभी राहिले, आणि तू सराव पाठाला आलास तेव्हाही होतेच की नाही? बोलणाऱ्यांनी हे कधी हिशेबात धरलं नाही. असो, विषय तुझा आहे.

तिथे होतं काय, हे विचारलंस. पहिल्या भेटीत झोप, भूक, घरची माणसं, कामाचे तास विचारतात. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, दचकू नकोस. गोळी दिली तर गुण यायला काही आठवडे लागतात, ती मनाने बंद करायची नाही. आणि बोलणं. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत रुजवली, मला त्याच वाटेने बरं वाटलं. "वर्गातलं प्रत्येक मूल वाचायला लागावं" ही माझी इच्छा होती. "लागलंच पाहिजे, नाहीतर मी नालायक" हा हट्ट होता. इच्छा ठेवून हट्ट सोडायचा सराव करावा लागतो, तो ऐकून जमत नाही. पोरांच्या वाचन-गणिताच्या प्रगतीच्या, तुझ्या त्या निपुणच्या तक्त्यातल्या लाल रकान्यांकडे बघून तू स्वतःला जे बोलतोस, ते एकदा कागदावर लिहून ने.

यानं तुझं काम कमी होणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं खरं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळली आहे. बाकीच्यासाठी संघटनेत जा, भांड. पण भांडायलाही झोपलेला माणूस लागतो.

साहेबांना कळेल, कायम होताना आड येईल, ही भीती आहे ना? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता तुझा हक्क आहे, तुझ्या संमतीशिवाय डॉक्टरने साहेबांना काही सांगायचं नसतं. रजेच्या अर्जावर "खाजगी कामासाठी" लिही, पुरे.

बुधवारी शिक्षण परिषद आहे म्हणालास, तर गुरुवारी एक किरकोळ रजा टाक. आदल्या संध्याकाळीच एसटीने ठाण्याला ये, माझी लेक तिथे असते, मुक्काम तिच्याकडे. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, नाव ऐकून घाबरू नकोस, ओपीडीत तुझ्यामाझ्यासारखी नोकरदार माणसंच रांगेत असतात. तिथे नको असेल तर डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे, आधी फोन करून वेळ घे. आणि "सगळ्याचाच कंटाळा आलाय" या वाक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार लपलेला असेल, तर गुरुवारपर्यंतही थांबू नकोस. टेकाडावर चढ आणि १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारची मनाच्या आधाराची फोनसेवा आहे, फुकट, रात्रीबेरात्री मराठीत बोलतात. मग मला लाव.

लेकीला मी सांगून ठेवलंय की बुधवारी रात्री जेवायला एक माणूस जास्त आहे. कारण सांगितलेलं नाही, ती विचारणारही नाही. निघालास की मेसेज कर.

तुझ्या
बाई